आरसा म्हणजे प्रत नव्हे!



तुमच्या आजोळी धान्याची कोठी आहे का? आमच्या खानदेशात पूर्वी घरोघरी कोठ्या असायच्या. सुगी झाली, की ज्वारी-बाजरी त्यात भरायची. कोठी अपुरी पडली, की मोठी आणायची आणि जुनीतलं धान्य नवीत ओतायचं. ओतताना चार मुठी सांडल्या, तर आई झाडून, पाखडून पुन्हा भरते. पण कॉम्प्युटरच्या कोठीतलं सांडलं तर? ते झाडूनही सापडत नाही, बरं का!

आज त्याच कोठीची गोष्ट सांगते. त्यात माझी एक चूक आहे. वर्गात मी रोज सांगते, ‘चूक लपवू नका.’ मग मी तरी कशी लपवू?

माझी शाळा जळगाव जिल्ह्यात आणि माहेर धुळ्याला. तिथे दादाच्या घरी वाय-फायच्या डबीशेजारी एक काळी पेटी आहे, पोळ्यांच्या डब्याएवढी. तिला म्हणतात ‘नॅस’. ही घरच्या नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी. वहिनीचा मोबाईल, दादाचा लॅपटॉप, भाच्याचा अभ्यासाचा कॉम्प्युटर, सगळ्यांचे फोटो आणि व्हिडिओ तिच्यात जातात. वाड्यात मध्यभागी एकच हौद असावा आणि प्रत्येक खोलीत त्याचा एकेक नळ असावा, तसंच हे. हा हौद आणि हे नळ लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहेत.

पेटीत दोन हार्ड डिस्क होत्या, प्रत्येकी २ टेराबाइटची. एकीवर जे लिहिलं जाईल, तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जायचं. याला आरसा-पद्धत म्हणजे ‘मिररिंग’ म्हणतात. एक डिस्क बिघडली, तरी दुसरी काम चालू ठेवते. अनेक डिस्क अशा एकत्र वापरण्याच्या पद्धतींना १९८८ साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी ‘रेड’ हे नाव दिलं. त्यातली क्रमांक एकची पद्धत म्हणजेच हा आरसा.

हार्ड डिस्कच्या आत असतं तरी काय? लोहचुंबकी मुलामा दिलेल्या गुळगुळीत चकत्या. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. लिहिणारा-वाचणारा चिमुकला हात चकतीला न टेकता, काही नॅनोमीटर वरून फिरतो. आपल्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर असते, म्हणजे ही फट किती बारीक ते पाहा! म्हणूनच चालू डिस्क कधी हलवायची नाही, आपटायची तर नाहीच.

जगातलं पहिलं हार्ड डिस्कचं यंत्र आयबीएम कंपनीने १९५६ साली आणलं. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या. वजन सुमारे एक टन आणि त्यात मावायची ५० लाख अक्षरं. आज दुकानात मिळणाऱ्या ८ टेराबाइटच्या डिस्कचं वजन पाऊण किलोच्या आसपास असतं आणि तिच्यात मावतात ८ लाख कोटी बाइट. एका अक्षराला एक बाइट धरला, तर तशी १६ लाख यंत्रं तळहातावर आली की नाही?

आता माझी चूक ऐका.

मागच्या दिवाळीत पेटी गच्च भरली. मी आवराआवर करायला बसले. पाहते तो काय, ‘आजीच्या ओव्या’ नावाचा फोल्डर मोबाईलवरही दिसतोय आणि लॅपटॉपवरही. आमची आजी जात्यावरच्या ओव्या अहिराणीत म्हणायची. ती गेली, त्याआधी भाच्याने तिच्या आवाजात ११ ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. मी मनाशी म्हटलं, ‘एकच गोष्ट दोन ठिकाणी कशाला? एक काढून टाकू.’ आणि लॅपटॉपवरचा फोल्डर पुसला.

आठ दिवसांनी ओव्या ऐकाव्या म्हणून मोबाईल उघडला. फोल्डर नाही! भाच्याला हाक मारली. त्याने सगळं पाहिलं आणि हळूच म्हणाला, “आत्या, त्या दोन जागा नव्हत्याच. तू दोन नळ पाहिलेस. हौद एकच होता.”

“अरे, पण आत दोन डिस्क आहेत ना? एकीवरचं गेलं, तर दुसरीवरचं असेल की!”

त्याने मला भिंतीवरच्या आरशासमोर उभं केलं. “कपाळावरचं कुंकू पूस. आता आरशातल्या बाईच्या कपाळावर राहिलं का?”

मुलांनो, नववीतल्या मुलाने त्या दिवशी मला पाचवीतलीच करून टाकलं. पण तो अगदी बरोबर सांगत होता. आरसा-पद्धत डिस्क बिघडण्यापासून वाचवते, माणसाच्या चुकीपासून नाही. आपण पुसलं, की आरसाही इमानदारीने पुसतो. नेटवर्कवरची फाईल पुसली, की ती लॅपटॉपच्या कचराटोपलीतही येत नाही. पेटीची स्वतःची टोपली असते, पण ती आम्ही चालू केलेली नव्हती. त्यातून आठ दिवस आम्ही दिवाळीचे फोटो भरतच होतो. त्यामुळे ओव्यांच्या मोकळ्या झालेल्या जागेवर नवीन लिहिलं गेलं.

सुरतेच्या आत्याबाईंना, म्हणजे आजीच्या लेकीला, कधीतरी ४ ओव्या मोबाईलवर पाठवल्या होत्या. तेवढ्याच वाचल्या. बाकीच्या ७ गेल्या.

मग दादाने ठरवलं, जागा वाढवायचीच, पण शिस्तीने. ८ टेराबाइटच्या दोन डिस्क आणल्या. भाच्याला घाई. म्हणाला, “दोन्ही जुन्या एकदम काढू आणि दोन्ही नव्या बसवू!” तसं केलं असतं तर पेटी कोरी झाली असती. काम झालं ते असं :

पहिली पायरी, वेगळी प्रत. बाहेरून जोडायच्या डिस्कवर पेटीतलं सगळं उतरवलं आणि त्यातल्या दहा-बारा फाईल उघडून पाहिल्या. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेले पैसे!

दुसरी पायरी, एक जुनी डिस्क काढून तिथे नवी बसवली. कोणती काढायची ते तिच्यावरचा क्रमांक पाहून ठरवलं. आता उरलेली जुनी डिस्क आपल्यावरचं सगळं नवीवर लिहू लागली. किती वेळ लागतो? गणित करा. २ टेराबाइट म्हणजे २० लाख मेगाबाइट. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने २०,००० सेकंद, म्हणजे साडेपाच तासांहून थोडा जास्त. या वेळात एकटी जुनी डिस्क सगळा भार पेलत असते. त्यातच वीज गेली तर? म्हणून पेटीला आधीच यूपीएस लावला होता. आणि हे काम थंडीत केलं, बरं का! आपल्याकडच्या मे महिन्यात माणसंच तापतात, तिथे रात्रंदिवस फिरणाऱ्या डिस्कची काय कथा?

तिसरी पायरी, पहिली जुळवणी पुरी झाल्यावरच दुसरी जुनी डिस्क काढली. तोपर्यंत नवी ८ टेराबाइटची असूनही जागा २ टेराबाइटच दिसत होती. भाचा चिडला. दादा म्हणाला, “बैलजोडी दमलेल्या बैलाच्या चालीनेच चालते.” दोन डिस्कची जोडी लहान डिस्कएवढंच मोजते.

चौथी पायरी, दोन्ही नव्या डिस्क जुळल्यावर पेटीला ‘आता जागा वाढव’ असं सांगितलं. उरलेले ६ टेराबाइट जुळायला आणखी १६ तास ४० मिनिटं, त्याच हिशोबाने.

शेवटी पडद्यावर आकडा आला ७.२७. भाचा ओरडला, “दुकानदाराने फसवलं!” नाही रे बाबा. टोपलीत १२० आंबे असतील, तर दहा-दहाचे १२ ढीग होतात आणि डझनाचे १०. आंबे कमी झाले का? डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि कॉम्प्युटर बऱ्याचदा १,०२४ ने. एवढाच फरक.

जुन्या डिस्क महिनाभर कोऱ्या केल्या नाहीत. आणि ती बाहेरची प्रत? ती मी टॉवेलात गुंडाळून एस.टी.ने जळगावला आणली. आता दिवाळीला आणि आखाजीला माहेरी जाते, तेव्हा ती सोबत नेते, त्यात नवीन भर घालते आणि परत आणते. धुळ्याच्या घरात पाणी शिरलं किंवा चोरी झाली, तरी एक प्रत जळगावला सुखरूप.

ही युक्ती काही कॉम्प्युटरवाल्यांनी शोधलेली नाही. आपल्या खानदेशाला ती जुनीच ठाऊक आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. काम करता करता त्या गाणी रचायच्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ यांनी ती गाणी कागदावर उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आलं. एका कंठातली गाणी आज घराघरांत आहेत, ती त्या कागदांमुळे.

धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ ला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं निधन झालं. जन्मभर गावोगाव हिंडून त्यांनी जुने कागद मिळवले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड छापले. छापणं म्हणजे तरी काय? एका कागदाच्या शेकडो प्रती करून शेकडो गावी ठेवणं. मूळ कागदाला वाळवी लागली, तरी मजकूर जगतो. त्यांचा संग्रह जपण्यासाठी १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालं.

पालकांसाठी दोन शब्द : मोठी डिस्क घेतली, की आपल्याला वाटतं, सगळं सुरक्षित झालं. खरं तर फक्त कोठी मोठी झाली. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर, हा साधा नियम पाळा. डिस्क घेताना ती नॅससाठीच बनवलेली आहे ना, हे विचारा. काही डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. त्या स्वस्त असतात, पण लांबलचक जुळवणीत फार रेंगाळतात.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी या रविवारचा गृहपाठ. आईबाबांजवळ बसा आणि विचारा, ‘हा मोबाईल आज विहिरीत पडला, तर त्यातलं काय काय कायमचं जाईल?’ त्यातली एक गोष्ट निवडा आणि तिची प्रत दुसऱ्या घरी, मामाकडे किंवा काकांकडे, ठेवून या. आजी-आजोबा गाणं किंवा गोष्ट सांगत असतील, तर ती आजच रेकॉर्ड करा. वहीतही उतरवा. वहीला वीज लागत नाही!

जाता जाता एक गणित : एका फोटोला ४ मेगाबाइट लागतात. ८ टेराबाइटमध्ये असे किती फोटो मावतील? (उत्तर : २० लाख)

उरलेल्या चार ओव्यांपैकी एकीच्या सुरुवातीला आजी भाच्याला विचारते, “चालू व्हयनं का रे?” मग जात्याची घरघर सुरू होते. ती ओवी आता धुळ्यात आहे, जळगावला आहे, सुरतेलाही आहे. बाकीच्या सात मला अर्ध्यामुर्ध्या आठवतात. आत्याबाईंना विचारून विचारून मी त्या वहीत लिहायला घेतल्या आहेत.

तुमच्या,
बाई