सोवळ्याच्या दोन्ही बाजू

दिवाळीआधीचे आठ-दहा दिवस आपल्याकडे धुण्या-पुसण्याचे. माळ्यावरची पातेली खाली येतात, डबे घासून उन्हात उपडे पडतात, मग लक्ष्मीपूजनापर्यंत घर पुन्हा जागेवर येतं. नाशिकजवळच्या जलालपूरला नाना गोखल्यांच्या घरी मात्र ही धुलाई बारा महिने चालायची. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर नानांच्या डोक्यात सोवळं शिरलं ते कायमचं. बाजारातून आलेलं धान्य धुवायचं, हे एक वेळ समजू शकतं. पण मीठ आणि साखरही धुतली जायची. धुतल्यावर मीठ किती उरतं, हे नानांना विचारणार कोण?

या घरात १८६८ साली जन्मलेली मुलगी म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नाहीत. अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा कवी, विद्वान आणि कमालीचा लहरी. नारायण वामन टिळक मनात आलं की बायकोला शिकवायला बसत, मनात आलं की न सांगता घर सोडून निघून जात. त्या काळातल्या शिकलेल्या नवऱ्यांचं आपण फार कौतुक करतो. करावंही, पण मास्तरांच्या स्वभावाची फी विद्यार्थिनीला भरावी लागायची, हेही त्याच आठवणींत नोंदलेलं आहे. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, कारण नानांची लेक सोवळं सोडायला तयार नव्हती.

मला त्यांचं खरं शिक्षण इथून पुढे दिसतं. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या डोक्याने सोडवला आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. नवऱ्यामागोमाग धर्म बदलला असं म्हणून त्यांना गुंडाळून ठेवणाऱ्यांनी हा क्रम जरूर पाहावा. टिळकांच्या निधनानंतर त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य याच बाईंनी पुरं केलं. ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून पुस्तकरूपाने येऊ लागली. त्यात वडिलांवर राग काढलेला नाही. नानांचा विक्षिप्तपणा त्या इतक्या मिस्कीलपणे सांगतात की वाचणारा आधी हसतो आणि त्या घरातल्या बायकामुलांचे हाल त्याला मागाहून जाणवतात. ज्या घराने घाबरवलं त्याच्याविषयी असं लिहिता येणं ही माझ्या लेखी कुठल्याही पदवीहून मोठी गोष्ट आहे.

पण एवढ्यावर थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. सोवळ्याने काही मुलींना आत कोंडलं, तसं कितीतरी जणींना गावकुसाबाहेर ठेवलं. लक्ष्मीबाईंच्या जन्माआधी १३ वर्षं, १८५५ साली, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखावर एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ताबाई १४ वर्षांची, मांग समाजातली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं, हे तिने त्यात मांडलं, आणि वेद आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता, असंही विचारलं. लक्ष्मीबाईंना विचार करता येईपर्यंत अर्धं आयुष्य वाट पाहावी लागली. मुक्ताबाईला शाळेतली जेमतेम तीन वर्षं पुरली. आतल्या भिंतीच्या कथा आपण आवडीने वाचतो, बाहेरच्या भिंतीच्या वाचताना थोडे अवघडतो. या अंकाच्या विशेष विभागात म्हणूनच दोन्ही बाजूंचं लेखन मुद्दाम शेजारी-शेजारी ठेवलं आहे.

हे सगळं जुनं झालं, असं वाटत असेल तर ऊसतोडीचा हंगाम आठवा. दिवाळीच्या आगेमागे बीडकडचे संसार कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. वयात आलेल्या मुलीला मागे एकटं कुठे ठेवायचं, या धास्तीने शाळा सुटते आणि लग्न उरकलं जातं. शहरातही मुलीचं कॉलेज ‘वातावरण बरं नाही’ म्हणून बंद होतं. मीठ कुणी धुवत नाही, पण धाक तोच आहे. आणि अशा मुलींना ‘तू शिक’ म्हणणारं माणूस अजूनही क्वचितच भेटतं.

वाचकांकडे एक मागणं आहे. शाळेत न जाता दहावी-बारावीला बसण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म असतो. त्यापुढे शिकायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहे. तुमच्या घरात, शेजारी किंवा तुमच्याकडे कामाला येणाऱ्यांत शाळा सुटलेली एखादी मुलगी किंवा बाई असेल, तर भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर तिला तो फॉर्म भरून द्या, फी तुम्ही भरा आणि परीक्षेच्या दिवशी तिला घरकामातून सुट्टी मिळेल एवढं बघा.