सिग्नल कुणाला मोजतो?

पुण्याच्या चौकांत आता 'स्मार्ट' सिग्नल आहेत. यंत्र गर्दी पाहून हिरव्या दिव्याचा वेळ ठरवते. उगाच थांबणे कमी होते, इंधन वाचते, हे आम्हाला मान्य आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे: हे यंत्र मोजते काय?

वाहने! कारमध्ये माणूस एकटा, पीएमपीच्या बसमध्ये ५०. तरी वाहतुकीच्या हिशोबात बस फार तर तीन-चार कारइतकी धरतात. रस्ता ओलांडायला ताटकळलेली सफाई कामगार बाई तर बहुतेक वेळा मोजणीतच नसते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावले होते की, राजकारणात एक व्यक्ती, एक मत आणि एक मत, एक मूल्य मानू, पण सामाजिक-आर्थिक जीवनात एक व्यक्ती, एक मूल्य हे तत्त्व नाकारत राहू. तो नकार आज चौकात उभा आहे.

दोष यंत्राचा नाही, त्याला हुकूम देणाऱ्यांचा आहे. झुरिकमध्ये ट्राम जवळ येताच सिग्नल तिला वाट देतो. आपले २००६ चे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणही वाहनांआधी माणसांचा विचार करायला सांगते.

मित्रांनो, माहिती अधिकारात महापालिकेला विचारा: बसला प्राधान्य किती चौकांत? पायी चालणाऱ्याला किती सेकंद? उत्तर लेखी घ्या.

जय भीम!