म्हाताऱ्या मोटारींचे शहर

आमच्या लहानपणी शिरूर अनंतपाळला बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव सैल झाली, की लोहार ती तापवून पुन्हा बसवून देई. चाक कोणी फेकीत नसे. क्यूबाची राजधानी हवाना पाहायला गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी मला त्या लोहाराची आठवण झाली.

हे शहर १५१९ सालचे. त्याच्या जुन्या भागाला १९८२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. समुद्राकाठच्या रस्त्यावरून १९५० च्या सुमाराच्या अमेरिकन मोटारी गुलाबी, आकाशी रंग लावून वरमाईच्या थाटात मिरवत असतात. प्रवासी फोटो काढतात आणि म्हणतात, “काय ही हौस!”

पण हौस कसली? १९५९ मध्ये क्रांती झाली, १९६२ मध्ये अमेरिकेने व्यापार तोडला. नव्या गाड्या येईनात, सुटे भाग मिळेनात. मग शेव्हरोलेच्या पोटात कुठे रशियन, कुठे डिझेलचे इंजिन बसले. गाडी चालली, म्हणून घर चालले.

आपल्या मुंबईत उलटे झाले. १९६४ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे तीच, असे समीकरण बनले. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा. ती भरली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी थांबली. आपण हळहळलो खरे, पण नव्या गाडीत बसून!

जुने जपणाऱ्याचे कौतुक जरूर करावे. त्याच्या नाइलाजाला मात्र हौस म्हणू नये. शिरूरच्या गाडीवानाला नवे चाक नको होते, असे थोडेच आहे? परवडत नव्हते.