विश्लेषण : घटस्फोटानंतर माहेरचे नाव परत घेणे किचकट का?

घटस्फोटाचा निकाल लागला, तरी ठाणे, कल्याण-डोंबिवलीतील अनेक महिलांच्या सरकारी फेऱ्या संपत नाहीत. न्यायालय विवाह संपुष्टात आणते. आधार, पॅन आणि बँक खात्यावरचे नाव मात्र आपोआप बदलत नाही.

नाव बदलणे बंधनकारक होते का?

नाही. लग्नानंतर पतीचे आडनाव लावण्याची सक्ती कोणताही कायदा करत नाही. ज्यांनी कागदोपत्री नाव बदललेच नाही, त्यांना घटस्फोटानंतर हा खटाटोप करावा लागत नाही.

प्रक्रिया काय?

शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करून नावातील बदल महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध करता येतो. त्यानंतर आधार, पॅन, बँक, भविष्य निर्वाह निधी अशी एकेक नोंद बदलावी लागते. आधारवरील नाव साधारणपणे दोनदाच बदलता येते. त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगसह पूर्ण नाव आधी पक्के करावे.

खरी अडचण कुठे?

आपल्याकडे प्रश्न केवळ आडनावाचा नसतो. लग्नानंतर मधले नावही बदलते. वडिलांच्या जागी पतीचे नाव येते. म्हणून अर्जात फक्त आडनाव बदलले, तर माजी पतीचे नाव मध्ये तसेच राहते. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईच्या नावाला स्थान दिले. विवाहित महिलांसाठी मात्र स्वतःचे नाव, पतीचे नाव, आडनाव हीच पद्धत कायम ठेवली.

काय बदलायला हवे?

घटस्फोटाच्या निकालात पोटगी, मुलांचा ताबा, कधी परस्परांवरील आरोपही असतात. असा खासगी कागद प्रत्येक खिडकीवर दाखवायला लावणे अन्यायाचे आहे. राजपत्रात जुने आणि नवे नाव प्रसिद्ध झाले असेल, तर नावापुरता तोच पुरावा सर्वत्र ग्राह्य धरावा. महिलेची इच्छा असल्यास निकालातच तिच्या पुढील पूर्ण नावाची नोंद व्हावी आणि त्या एका पानावर सर्व नोंदी बदलाव्यात. त्याच घटस्फोटानंतर पुरुषाला स्वतःच्या नावासाठी एक दिवसही रजा काढावी लागत नाही. मग तिनेच किती रजा खर्च करायच्या?