कपात की राजीनामा? अभियंत्यांपुढचा पेच सहीचा

पुणे, प्रतिनिधी

देशातील सर्वांत मोठी माहिती तंत्रज्ञान कंपनी असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने (टीसीएस) जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. ही कुऱ्हाड मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीवर पडणार होती. तेव्हापासून हिंजवडी, खराडी, मगरपट्टा परिसरातील अनेक अनुभवी अभियंत्यांनी नारळ मिळण्याआधीच दुसरीकडे चाचपणी सुरू केली. या शोधात कौशल्याइतकेच महत्त्व आता राजीनाम्यावरील सहीला आले आहे.

कंपनीच्या आकडेवारीनुसार जून २०२५ अखेर तिच्याकडे सुमारे ६ लाख १३ हजार कर्मचारी होते. सप्टेंबरअखेर ते ५ लाख ९३ हजारांवर आले. तीन महिन्यांत जवळपास २० हजारांची घट झाली. कंपनीने मात्र कपातीचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास सांगितले. उरलेले सारे बळजबरीने गेले, असा याचा अर्थ नव्हे. या उद्योगात स्वतःहून नोकरी बदलणारे नेहमीच मोठ्या संख्येने असतात. परंतु दबावाखाली दिलेला राजीनामा आणि खुशीने दिलेला राजीनामा हिशेबात एकाच रकान्यात पडतात. सक्तीने राजीनामे घेतल्याचा आरोप पुण्यातील ‘नाइट्स’ या कर्मचारी संघटनेने केला, तो कंपनीने फेटाळला. या आकड्यांवरून त्या वादाचा निकाल लागत नाही.

फरक पैशांचाही आहे. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ नुसार कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तितके वेतन, शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागे. दहा वर्षे काढलेल्या कामगाराला ही भरपाई पाच महिन्यांच्या पगाराइतकी होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही ही तरतूद कायम ठेवली. स्वेच्छेने राजीनामा देणाऱ्याला मात्र यातले काहीच लागू होत नाही. पाच वर्षे भरली असतील तर ग्रॅच्युइटी मिळते, एवढेच.

मग माणूस सही का करतो? याचे उत्तर पुढच्या नोकरीत आहे. नवी कंपनी रुजू करून घेण्याआधी पूर्वेतिहासाची पडताळणी करते, कार्यमुक्तीचे पत्र मागते. तेथे ‘सेवा समाप्त’ असा शेरा दिसण्याची धास्ती पाच महिन्यांच्या पगारापेक्षा मोठी ठरते. घराचा हप्ता दर महिन्याला असतो आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर मुलाखतीची बोलावणी आधीच कमी झालेली असतात. व्यवस्थापनाशी वाटाघाट करण्याचे बळ नेमके याच ठिकाणी संपते.

शोध गुपचूप करावा लागतो, ही आणखी एक अडचण. बहुतेक मोठ्या कंपन्यांत नोटीसचा काळ ९० दिवसांचा असतो. भरती करणाऱ्याला उमेदवार तात्काळ हवा असतो. तीन महिने थांबायला तो फारसा तयार नसतो. आधी राजीनामा द्यावा तर भरपाईवर पाणी सोडावे लागते. थांबावे तर हातची संधी जाते. टीसीएसने जून २०२५ मध्ये वर्षाला किमान २२५ दिवस ग्राहकाच्या प्रकल्पावर काम आणि ‘बेंच’वर जास्तीत जास्त ३५ दिवस, असा दंडक घातला. त्यामुळे बेंचवर बसलेल्याने तिसाव्या दिवशी नोकरी शोधायला सुरुवात करणे म्हणजे उशीर करणेच होय.

अभियंता ‘कामगार’ आहे का, हा वाद जुना आहे. कायदा पगार नव्हे, तर कामाचे स्वरूप पाहतो. वेतनाची मर्यादा पर्यवेक्षकांपुरती आहे. ती पूर्वी दरमहा १० हजार रुपये होती, नव्या संहितेत १८ हजार झाली. म्हणजे तांत्रिक काम करणारा लाखभर कमावत असला तरी कामगार ठरू शकतो. मात्र पदनामात ‘मॅनेजर’ आले की वाद उभा राहतो. टीसीएसने २०१५ मध्ये कमी केलेल्या एका अभियंत्याला कामगार मानून चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला. न्याय मिळाला खरा, पण त्याला सात वर्षे लागली. इतकी वर्षे हप्ता थकवून कोण बसणार?

तीनशे किंवा अधिक कामगार असल्यास कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट कारखाने, खाणी आणि मळ्यांपुरती आहे. हिंजवडीच्या काचेच्या इमारती त्यात मोडत नाहीत. नव्या संहितेतील पुनर्कौशल्य निधीची तरतूद मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचते. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचे वेतन या निधीत भरायचे आणि ती रक्कम ४५ दिवसांत त्याच्या खात्यात जमा व्हायची, अशी ही योजना आहे. राजीनाम्याच्या अर्जावर सही केलेल्याचे नाव मात्र त्या यादीत येत नाही.