‘येईलही’ आणि ‘येईलच’

आमच्या मुलांचे इंग्रजी कच्चे का राहते, हा प्रश्न निघाला की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : शब्दसंग्रह अपुरा. मग रोज दहा शब्द वहीत लिहून पाठ करण्याचा नेम सुरू होतो. शब्दसंग्रह वाढावा याविषयी दुमत नाही. परंतु आमचे मत थोडे निराळे आहे. आमचा विद्यार्थी लांबलचक शब्दांपाशी क्वचितच अडखळतो. तो अडखळतो ‘मे’, ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शुड’, ‘वुड’ या चिमुकल्या साहाय्यक क्रियापदांपाशी. आणि त्यांच्या जोडीला एखादे क्रियाविशेषण येऊन बसले म्हणजे तर अधिकच. शब्दकोश उघडून ही अडचण सुटत नाही. दोन्ही शब्दांचे अर्थ त्याला ठाऊकच असतात; ठाऊक नसतो तो त्यांच्या संगतीचा अर्थ.

एक साधे वाक्य घ्या : ‘इट मे वेल रेन टुडे.’ ‘वेल’ म्हणजे चांगले, ‘रेन’ म्हणजे पाऊस पडणे. तेव्हा ‘आज चांगला पाऊस पडेल’ असे भाषांतर करून विद्यार्थी मोकळा होतो. वस्तुतः येथे ‘वेल’चा चांगलेपणाशी काही संबंध नाही. ‘मे’ने सुचविलेली शक्यता त्याने जरा वजनदार केली आहे, इतकेच. ‘आज पाऊस येण्याचा बराच संभव आहे,’ हा त्या वाक्याचा खरा अर्थ. आमच्या बोरगावच्या परिसरात ज्या घरी संत्र्याची बाग अगर कपाशीचे शेत आहे, त्या घरी या दोन अर्थांतील अंतर समजावून सांगण्याची गरज नाही. पाऊस किती पडेल हा एक प्रश्न आणि तो पडेल की नाही हा दुसरा. आज फवारणी करावी की थांबावे, हे या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

दुसरे उदाहरण. समजा, बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातील एखाद्या कारखान्यात नोकरी मिळावी म्हणून कोणी तरुण अर्ज लिहीत आहे. ‘मी कष्टाने काम करू शकतो’ असे त्यास सांगावयाचे आहे. म्हणून तो लिहितो, ‘आय कॅन हार्डली वर्क.’ क्रियाविशेषणास शेवटी ‘ली’ लागते, हा शाळेत शिकलेला नियम त्याने इमानाने पाळला. पण अर्थ मात्र झाला, ‘माझ्याच्याने काम होणे कठीणच!’ ‘आय कॅन वर्क हार्ड’ असे त्याने लिहावयास हवे होते. एका शब्दाच्या शेपटीने आणि जागेच्या बदलाने कष्टाळू माणूस निरुपयोगी ठरला.

जागेचा नियम तसा सोपा आहे. ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’, ‘प्रॉबेब्ली’ यांसारखी क्रियाविशेषणे बहुधा साहाय्यक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्या मध्ये बसतात : ‘यू शुड ऑलवेज बॉइल द वॉटर’, म्हणजे पाणी नेहमी उकळून घ्यावे. मराठीत ‘नेहमी’ हा शब्द ‘पाणी’च्या आधी ठेवा अगर नंतर, वाक्य मोडत नाही. ही मोकळीक घेऊन आपण इंग्रजीच्या दारात जातो आणि तेथे ठेच लागते.

परंतु जागा साधली म्हणजे सर्व साधले, असेही नाही. या दोन शब्दांचा सूर जुळतो की नाही, हेही पाहावे लागते. ‘ही मे पॉसिब्ली कम’ या वाक्यात दोन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात : कदाचित येईलही. ‘ही मस्ट सर्टनली नो’ यातही दोघांचा सूर एक : त्याला ठाऊक असलेच पाहिजे. भाषाशास्त्रज्ञ जॉन लायन्स यांनी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘सिमँटिक्स’ या ग्रंथात अशा जोड्यांस सुसंवादी म्हटले आहे. आता ‘यू मे सर्टनली गो’ हे वाक्य पाहा. ‘मे’ शक्यता दाखविणारा आणि ‘सर्टनली’ खात्री देणारा. दोघांचे जमावे कसे? जमते, कारण ‘मे’ येथे शक्यतेचा अर्थ टाकून परवानगीचा अर्थ धारण करतो : तुम्ही खुशाल जा. शेजारी बदलला तसा शब्दाचा स्वभाव बदलला.

‘यू कॅन ऑलवेज आस्क मी’ याचा अर्थ ‘तुम्ही मला नेहमी विचारू शकता’ असा करणे हे भाषांतर नव्हे, शब्दांची रांग आहे. ‘अडलेच तर विचारायला मी आहेच,’ हा त्यातील जिव्हाळा. ‘आय रिअली कान्ट से’ म्हणजे ‘मला खरोखरच सांगता येत नाही’. पण ‘आय कान्ट रिअली से’ म्हणजे ‘मला नीटसे सांगता येत नाही’. शब्द तेच, ‘रिअली’ नकाराच्या अलीकडून पलीकडे गेला आणि ठाम नकार गुळमुळीत झाला.

येथवर वाचून एखादा विद्यार्थी म्हणेल, ही भाषा फारच अवघड! आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. हे सूक्ष्म भेद तो रोज घरी अचूक बोलतो. आई विचारते, मामा येणार का? ‘येईल’ म्हटले की एक अर्थ, ‘येईलच’ म्हटले की दुसरा आणि ‘येईलही’ म्हटले की तिसरा. ‘येईलच’ ऐकून आई पोळ्यांची कणीक जास्त भिजवते. ‘येईलही’ ऐकून थोडी वाट पाहते. ‘च’ आणि ‘ही’ या एकाक्षरी शुद्ध शब्दयोगी अव्ययांनी येथे जे काम केले, तेच काम इंग्रजी ‘सर्टनली’, ‘वेल’, ‘पॉसिब्ली’ यांच्याकडून करून घेते. त्याचप्रमाणे ‘मस्ट नॉट’, ‘शुड नॉट’ आणि ‘नीड नॉट’ यांचा गोंधळ उडणाऱ्या मुलास ‘जाता कामा नये’, ‘जाऊ नये’ आणि ‘जाण्याचे कारण नाही’ ही तीन वाक्ये समोर ठेवून दाखवावी. त्यातील भेद त्याला कोणी शिकविलेला नाही, तरी तो कधी चुकत नाही.

इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, मध्ये मराठी आणू नये, असे सांगणारे पुष्कळ आहेत. ऐकण्याचा व बोलण्याचा सराव इंग्रजीतून व्हावा, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. घोकलेल्या नियमांनी कोणी बोलका झालेला नाही. शब्दास शब्द ठेवण्याची वाईट सवय भाषांतरानेच लागते, हा त्यांचा आक्षेपही अगदी खोटा नाही. परंतु हा दोष शब्दास शब्द ठेवण्याचा आहे, मराठीचा नव्हे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी मुलखातील पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या दोन भाषांची वाक्ये शेजारी शेजारी ठेवूनच. शब्दाशी शब्द न ताडता वजनाशी वजन ताडावे, एवढीच आमची मागणी आहे. मध्य प्रदेशात राहणाऱ्या आमच्या मुलांस तर घरची मराठी, राज्यकारभाराची हिंदी आणि शाळेतील इंग्रजी अशा तिन्ही भाषांतून वाट काढावयाची असते. त्यांनी घरचा तराजू दाराबाहेर ठेवून यावे, हे आम्हांस पटत नाही.

या तराजूचे मोल केवळ परीक्षेतील गुणांपुरते नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले, तरी राज्य तेच आहे. त्याच १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५०-अ हा अनुच्छेद आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय व्हावी, हा त्याचा आशय. त्याची इंग्रजी रचना बारकाईने वाचावी. राज्याविषयी तेथे ‘शॅल’ हा बंधनाचा शब्द आहे. पण ते बंधन प्रयत्न करण्याचे आहे. राष्ट्रपतींनी राज्यास निर्देश देण्याविषयी मात्र ‘मे’ आहे; म्हणजे ते देऊ शकतात, दिलेच पाहिजेत असे नाही. जो ‘शॅल’ आणि ‘मे’ यांतील अंतर जाणत नाही, तो या अनुच्छेदातून एक तर नसलेले अभिवचन वाचील किंवा असलेले कर्तव्य विसरेल. आपल्याच भाषेविषयीचा आपला हक्क नेमका किती, हे समजण्यासाठीसुद्धा त्या चिमुकल्या शब्दांपाशी थांबावे लागते.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी एकदा स्वतःस विचारा : ही गोष्ट घडेल, घडेलच, की घडेलही? मला सांगावयाचे आहे ते आज्ञा म्हणून, सल्ला म्हणून, की मुभा म्हणून? याचे उत्तर आधी मराठीत नक्की करा आणि मग शब्द निवडा. आपल्याला जितकी खात्री आहे तितकीच बोलून दाखविणे, ही व्याकरणाची बाब आहेच. पण ती खरेपणाचीही आहे. ज्या मुलाने ‘येईलही’ असे मनात असता ‘येईलच’ लिहिले नाही, त्याच्या शब्दावर पुढे लोक विसंबून राहतील, मग तो कोणत्याही भाषेत बोलो.