चेंबर उतरवलात, ऑईल कुठं ओतलंत?

मंडळी, आधी शाबासकी देतो, मग छडी. मास्तरकीची जुनी सवय!

आमच्या नात्यातल्या पोरांना जुन्या महिंद्रा जीपचं वेड आहे. कुणाकडे एमएम ५४०, कुणाकडे कमांडर. इंजिनखालचा ऑईलचा चेंबर ही पोरं अंगणातच उतरवतात. याचं मला कौतुक आहे, कारण हात काळे केल्याशिवाय यंत्र कळत नाही. काम धीराचं आहे. चाकांना उटी लावायची, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड लावायचे. इंजिन कोमट असताना नट काढून ऑईल गाळायचं. पॅकिंग चिकटलं म्हणून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं, की पत्र्याची कड वाकते आणि गळती मागे लागते. तळाचा गाळ आणि जाळीत अडकलेले धातूचे कण बघून इंजिनाची तब्येत ओळखायची. हे सगळं पोरांना येतं. फोटोही पाठवतात.

पण काढलेलं ऑईल कुठं गेलं, ते एकाही फोटोत दिसत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "काका, कुंपणापाशी ओतलं. तेवढ्यानं काय होतंय?"

काय होतंय त्याचा हिशेब मांडू. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा अंदाज असा, की एका वेळी बदललेलं ऑईल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. म्हणजे साधारण ३८ लाख लिटर. आता लातूरकरांनी आठवावं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. अशा सात गाड्यांचं पाणी नासवायला एका जीपचं ऑईल पुरतं! ज्या शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली, तिथं "तेवढ्यानं काय होतंय" हे वाक्य शोभत नाही.

कुणी म्हणेल, माती गाळून घेते. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. खाली मुरूम, त्याखाली कातळ. आपल्या विहिरी-बोअरचं पाणी त्याच मुरमात आणि कातळाच्या फटींत असतं.

दुसरा म्हणेल, डबक्यात जळकं ऑईल टाकलं की डास मरतात. मरतात, तवंगाखाली अळीचा श्वास कोंडतो. पण अळी कोणती आणि बेडकाचं पिल्लू कोणतं हे तवंगाला कळत नाही. पाऊस लागला की डबकं ओढ्याला मिळतं आणि ओढा मांजरेला नाहीतर गोदावरीला. वाळवीसाठी चौकटीला लावलेल्या वाटीभर ऑईलवर माझं भांडण नाही, चार लिटरवर आहे.

तिसरा म्हणेल, मिस्त्रीसुद्धा ओततात. ओतत असतील, तर तेही चूकच. पण घरी काम करणं म्हणजे नुसती मिस्त्रीची मजुरी वाचवणं नव्हे. मजुरी वाचवलीत, तर जबाबदारीही तुमचीच!

सरकारच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी ऑईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. मग नवा कॅन घेताना दुकानदाराला विचारा ना, "जुनं कुठं द्यायचं?" एकानं विचारलं तर तो हसेल. शंभरांनी विचारलं तर पिंप ठेवेल. नांदेड आणि लातूर या दोन्ही महापालिकांनाही हाच प्रश्न लेखी विचारायला हवा.

तोवर एवढं करा. जळकं ऑईल रिकाम्या कॅनमध्ये भरा. त्यात पाणी, डिझेल काही मिसळू नका. झाकण घट्ट लावा, वर ठळक लिहा आणि पोराबाळांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. अधिकृत पुनर्प्रक्रियेला माल देणारं गॅरेज शोधून तिथं पोचवा.

असो. पुढच्या फोटोत चेंबरशेजारी तो झाकण लावलेला कॅनही दिसू द्या. पुरी शाबासकी तेव्हा मिळेल.